विहीणबाई, खंड्या अजून आहे

विहीणबाई,

काल तुमच्या बाराव्याला नरेशने मला पहिल्या पंगतीत बसवलं. मी म्हटलं, आधी गावातल्या बायका बसू देत, मी पनवेलहून आलेली पाहुणी. तर म्हणाला, "मावशी, बसा. आय बघत आसंल. मला वरडा बसंल." मग बसले. वालाची भाजी तुमच्या सुनेने केली होती. चांगली होती, पण डोळ्यांतून पाणी आलं नाही. तुमच्या हातच्या भाजीने यायचं.

रडूही आलं नाही. येताना गाडीत वाट बघत होते, की आता येईल. त्याऐवजी खूप दिवस डोक्यावर धरलेलं काहीतरी कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं वाटत राहिलं. आज सकाळी घरी पोचले, पाय धुतले, गॅलरीचं दार उघडलं आणि लिहायला बसले.

लिहायचं होतं ईरा आणि नीलसाठी. त्यांना डब्लिनमध्ये एवढंच कळलं आहे, की खाडीआजी गेली, तिला त्रास झाला नाही, आणि आई दोन दिवस कामावर गेली नाही. पण त्यांना सांगायला सुरुवात केली, की वर्तमानपत्रातल्या छोट्या बातमीसारखं होतं. गाव अमुक, पश्चात एक मुलगा, एक मुलगी. तेव्हा मी तुमच्याशीच बोलते, मुलांनी बाजूला बसून ऐकावं. गोष्ट ऐकण्याचीच आहे. ईरा मराठी अजून अडखळत वाचते, म्हणून वाक्यं लहान ठेवते. मोठी झाली तर समजून घ्या.

मुलांनो, मी पनवेलआजी, तुमच्या बाबांची आई. खाडीआजी तुमच्या आईची आई. दोन विहिणी एका घरात राहत नाहीत. आमच्याकडेही नाही आणि त्यांच्या गावात तर नाहीच. मुलीच्या सासरी जाऊन राहायचं म्हणजे लोक मुलाला नावं ठेवतात. आम्ही मात्र राहिलो.

तुम्ही आलात त्या दिवशी तुमच्या एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात सुकटीचा डबा होता. माझं घर शाकाहारी. डब्याकडे मी बघितलं आणि तुम्ही माझ्याकडे बघितलंत.

"गॅलरीत भाजीन, ईनबाय. तुमच्या देवाला वास नाय येनार."

मी तुम्हाला विहीणबाई म्हणायची आणि तुम्ही मला ईनबाय. नावाने आम्ही एकमेकींना कधी हाक मारली नाही.

का आलात ते तुम्ही चहा व्हायच्या आतच सांगून टाकलंत. तुमच्या गावामागे, जिथे तुमच्या लहानपणी मिठागर होतं, तिथे भराव पडला होता. त्या भरावाची माती ज्या डंपरांतून आली, त्यांतले काही नरेशचे होते. त्या दिवसापासून तुम्हाला पाखरांचा आवाज आला नव्हता. सकाळी नाही, संध्याकाळी नाही.

"मारली त्यानं सगली पाखरां. आता त्याच्या घरातला पानी पन नको मला."

ते बोलणं मी मनावर घेतलं नाही. राग दोन दिवसांत ओसरेल असं वाटलं. तो ओसरला नाही. नरेश फोन करायचा, तुम्ही कानाला लावायचात, थोडा वेळ धरायचात आणि काही न बोलता ठेवून द्यायचात. रविवारी तो कोळंबी घेऊन आला, तर तुम्ही आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपलात. तो माझ्या सोफ्यावर बसून राहिला. एवढा मोठा माणूस, हातात दोन फोन. म्हणाला, "मावशी, तुमी सांगा ना तिला." काय सांगू? भराव टाकला होता ते खरं होतं.

आणि तुमचं हृदय थकलेलं होतं. डॉक्टरांनी ते मला सांगितलं आणि मी नरेशला. मला एकाच गोष्टीची धास्ती होती. तुम्ही माझ्याच घरी, त्या भिंतीकडे तोंड करून जाल, आणि मुलाला जन्मभर पुरेल एवढं न बोललेलं मागे ठेवाल. पहाटे जाग आली की आधी तुमचा श्वास ऐकायची, मग चूळ भरायची. हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. आज सांगते.

माझ्या गॅलरीखाली पाणथळ आहे, तुम्हाला माहीतच आहे, पण मुलांनी ती फक्त फोनच्या पडद्यावर पाहिली आहे. सोसायटीची भिंत, तिच्यापलीकडे मातीचा बांध, त्यावर फिरायची वाट, आणि मग खारफुटी आणि चिखल आणि पाणी. भरतीला पाणी वर येतं, ओहोटीला उतरतं. एका बाजूला हायवेची घरघर, वरून विमानं. तरीही मी या घरात आले ती त्या आवाजांसाठी. ओहोटी लागली की चिखल हलकेच फुटत राहतो, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. पाणकोंबडी झुडपात लपून कुणाशी तरी भांडत असते. वटवट्या नावाचा अंगठ्याएवढा पक्षी लव्हाळ्याच्या टोकाला बसून थांबतच नाही. आणि छोटा निळा खंड्या बाणासारखा पाण्यावरून जाताना एक बारीक शीळ घालतो, सुईने हवा शिवल्यासारखी.

मला हे सगळं तुम्हाला दाखवायचं होतं. खरं सांगायचं तर मिरवायचं होतं. दुर्बीण, पक्ष्यांचं पुस्तक, थर्मासमध्ये चहा. संध्याकाळी तुम्हाला बांधावरच्या बाकावर नेऊन बसवलं.

"ऐका," मी म्हटलं.

तुम्ही ऐकलंत. मग म्हणालात, "ही काय खाडी हाय, ईनबाय? डबका हाय. एकटी टिटवी उरलेय, रडाया."

टिटवी तेवढी तुम्हाला ऐकू यायची. ती तर आमच्या चौथ्या मजल्यावर दारं लावली तरी येते.

चिखलात निवट्या, म्हणजे चिखलातले बोटाएवढे मासे, उड्या मारत होत्या, पचक पचक. मी त्यांचा आवाज ऐकायला सांगितला तर तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, की माझी कीव येत असावी. "निवट्या खायच्या आसतात. ऐकायच्या नसतात."

यावरून आपलं रोज वाजायचं. मी म्हणायची, अहो, इतके पक्षी आहेत. तुम्ही म्हणायचात, मला खोटं सांगू नका, मी मिठागरात वाढलेय, आमच्या उघाडीवर खंड्या बसायचा. उघाडी म्हणजे बांधातली फळी, मुलांनो, जी उचलून मिठागरात समुद्राचं पाणी घेतात. त्या फळीवर बसलेला खंड्या शिट्टी मारून उडाला, की तुमची आई म्हणायची, पाणी फिरलं, चला. भरती लागली म्हणजे मासे वर येतात आणि खंड्या कामाला लागतो. तुमच्या घरात त्या शिट्टीवर कामं चालायची. "तो गेला तवा सगला गेला," तुम्ही म्हणायचात.

घरातही मला तुमचा राग यायचा. मी स्वयंपाकघरातून हाक मारायची, तुम्ही ओ द्यायचा नाहीत. वाटायचं, सुकटीच्या डब्याचा राग धरलाय. मी दूध कुठल्या पातेल्यात तापवायचं ते सांगायची, तुम्ही मान हलवायचात आणि नेमकं दुसरंच पातेलं घ्यायचात. मला वाटायचं, मुद्दाम. माझ्या घरात डब्यांवर चिठ्ठ्या आहेत आणि त्याप्रमाणे वस्तू आहेत. तुम्ही आल्यावर हळदीच्या डब्यात साखर निघाली. तेही मी मुद्दाम धरलं.

मग तो रविवार. ईरा, हे तू नीट वाच, कारण हे तू केलंस.

संध्याकाळी मुलांचा व्हिडिओ कॉल होता. त्यांच्याकडे दुपार, जेवणं व्हायची होती. आम्ही दोघी बाकावर, फोन माझ्या हातात. नील त्याचा पडलेला दात दाखवत होता. मधेच ईराने त्याला गप्प केलं.

"आजी, ते काय वाजलं? व्हिसलसारखं. एकदम थिन."

"खंड्या," मी म्हटलं.

"कुठला खंड्या?" तुम्ही विचारलंत. "काय नाय वाजला."

"खाडीआजी, वाजलं ना. आता परत. तुला नाही आलं?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मी तुमच्याकडे. इतक्या दूर डब्लिनमध्ये, फोनच्या एवढ्याशा भोकातून, पोरीला ऐकू आला. आणि तो तुमच्यासमोरून, पायांजवळच्या पाण्यावरून गेला होता.

  घरी येताना जिन्यात तुम्ही थांबलात, दम लागला म्हणून, आणि विचारलंत, "ईनबाय, तुमाला रोज येतो तो आवाज?"

"रोज."

"मंग मला गं का नाय?"

मला तुम्ही तेवढं एकदाच "गं" म्हणालात.

कानाच्या डॉक्टरकडे न्यायला तरीही आठवडा गेला. तुमचं म्हणणं, कान चांगले आहेत, मीच हळू बोलते, शिकलेल्या बायका हळूच बोलतात. शेवटी मी सांगितलं, की मुलांनी सांगितलंय. तेव्हा उठलात.

त्या तपासणीची गोष्ट मी सोसायटीत सगळ्यांना सांगितली आहे, माफ करा. काचेच्या खोलीत तुम्हाला बसवलं, कानांवर मोठी यंत्रं लावली, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. डॉक्टरीणबाई काचेपलीकडून तुमच्याकडे बघायच्या, की तुम्ही बटण दाबायचात. त्या हसल्या की दोनदा दाबायचात. कान तरुण मुलीसारखे निघाले. डॉक्टरीणबाई चक्रावल्या. बाहेर येऊन मी विचारलं, खरंच इतके आवाज आले?

"आवाज कंचा? ती पोर एवढी बघत बसलेली तोंडाकडं. नाय दाबला तर वाईट नाय वाटनार तिला?"

पाहुण्याच्या घरी वाढलेलं परत करायचं नाही, तसं. मी डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि पुन्हा सगळं केलं. या खेपेला बटण बराच वेळ शांत राहिलं. काचेबाहेर उभी राहून मी ते शांत बटण बघत होते. इतके दिवस मी ज्याला रुसवा समजले आणि तुम्ही ज्याला भराव समजलात, ते तिथे दिसत होतं. जाड आवाज तुम्हाला येत होते. टिटवी, डंपर, मी चिडून मारलेली हाक. बारीक आवाज गेले होते. ते हळूहळू गेले असणार, आणि तुम्हाला ते जाणवलं नेमकं खाडीवर माती पडली तेव्हा. मग तुम्ही एकाचं बोट दुसऱ्याच्या हातात दिलंत. कुणीही दिलं असतं.

मशीन कानात घातल्यावर पहिला दिवस वाईट गेला. रिक्षा वाजते, पंखा वाजतो, माझी चप्पल वाजते. "किती फटाक फटाक चालतां, ईनबाय. आन् ह्या पिशव्या, मेल्या, कुरकुर कुरकुर." कुकरची शिट्टी झाली तेव्हा तुम्ही मशीन काढून माझ्या हातात दिलंत. मी ते परत दिलं. संध्याकाळी बांधावर चला, मग काढा, म्हटलं.

गेलो. पाणी उतरत होतं. तुम्ही बाकावर बसलात, हात मांडीवर, शाळेत बसल्यासारख्या. आधी चिखलाचा आवाज आला असावा, कारण तुम्ही खाली पायांकडे बघितलंत. मग वटवट्या. तुम्ही बोट वर केलंत, कुठून येतो ते शोधत.  दुर्बीण घरीच ठेवली होती, ते एक बरं केलं. मग तो आला, निळी रेघ, पाण्याला लागून, आणि ती शीळ.

तुमचं बोट तसंच वर राहिलं.

 मला वाटलं, रडाल. तुम्ही शिवी दिलीत. खंड्याला दिलीत, की स्वतःला, की कानांना, ते मी विचारलं नाही आणि ती शिवी इथे लिहीत नाही, मुलं वाचणार आहेत. मग म्हणालात, "नरेशला फोन लावा."

लावला. तुम्ही फोन मशीनजवळ धरलात आणि पहिल्यांदा त्याचं पूर्ण वाक्य ऐकलंत. त्यानेच मला काल सांगितलं, नंतर घरी गेल्यावर तुम्ही त्याला काय म्हणालात. "आधी फोनवर तुजा नुसता गुंगुं यायचा रं. मला वाटला, तू पन काय बोलत नाय." तो इतके महिने फोनवर माफी मागत होता, विहीणबाई. तुम्ही ती ऐकून फोन ठेवता असं त्याला वाटत होतं.

त्याच संध्याकाळी तो आला. बांधावर, तुमच्या बाजूला बसला. मी उठून चालायला लागले, पण वाट छोटी आहे आणि माझे कान चांगले आहेत, किंवा तेव्हा होते.

"भराव टाकलास तो टाकलास," तुम्ही म्हणत होतात. "त्याची पाखरां परत येनार नाय. पन सगली नाय मेली. त्यातली काय माज्या कानानं मारलेली."

"आय, मंग घरी चल."

"तुज्या घरात एसी गुरगुरतो. आता मला ऐकू येतो सगला."

"बंद करतो एसी."

"आन् सकालच्या पारी डंपर चालू करायचा नाय दारात."

"नाय करत."

यावर मात्र माझं आणि तुमचं भांडण राहिलं, आणि ते अर्धंच राहिलं. तुम्ही पिशवी भरत होतात आणि मी म्हणत होते, की तुम्ही त्याला फार स्वस्तात सोडलंत. कान खराब होते ते खरं, पण भरावही खरा आहे. तो धंदा बंद करायला सांगा. तुम्ही म्हणालात, पोटाचा धंदा हाय. मी म्हणाले, पोट केव्हाच भरलंय, आता तीन मजल्यांचं घर भरतंय. तुम्ही हसलात आणि सुकटीचा डबा माझ्या हातात दिलात. "ऱ्हाऊ दे तुमच्याकडं. गॅलरीत भाजा." मी तो अजून टाकलेला नाही, भाजलेलाही नाही. काल मी नरेशला पुन्हा विचारलं, डंपरचं काय करणार. तो म्हणाला, "मावशी, आज नको." बरं. आज नको. पण विचारणार आहे. तुम्ही त्याची आई होतात, मी नाही. कुणीतरी विचारत राहायला हवं आणि मला ते नीट जमतं.

तुम्ही गेलात आणि माझं घर जागेवर आलं. साखर साखरेच्या डब्यात गेली. पहिल्या दिवशी मला इतकं हलकं वाटलं, की मी दुपारी झोपले. दुसऱ्या दिवशी चहा दोघींचा टाकला. मग फोन करायची, तर तुम्ही "मोठ्यानं बोलू नका, ऐकू येतो" म्हणून दटावायचात.

तुमचा शेवट नरेशने मला काल सांगितला, पंगत उठल्यावर, मागच्या दारी. तुमची खाट त्याने मागच्या खिडकीशी लावली होती. तिथून खाडीची एक पट्टी अजून दिसते, भरावातून उरलेली. संध्याकाळी तो तुमच्याजवळ बसला होता. बाहेर पाणी चढत होतं. तुम्ही कानातलं मशीन काढलंत, डबीत ठेवलंत, डबी त्याच्या हातात दिलीत. त्याने विचारलं, "काय गं आय, टोचतं काय?"

"नाय रं. झाला ऐकून."

आणि झोपलात. खिडकीकडे तोंड करून. सकाळी उठला नाहीत.

खिडकीकडे, विहीणबाई. मी नरेशला पुन्हा विचारून घेतलं, नक्की कुठल्या कुशीवर. तो गोंधळला, पण त्याने सांगितलं. तेव्हापासून मला हे सुटल्यासारखं वाटतं आहे. दुःख आहेच. बांधावरचा बाक एका बाजूने रिकामा आहे आणि मी अजून त्याच्या त्याच टोकाला बसते. पण पहाटे जागी झाल्यावर कान द्यायचा, ती धास्ती गेली. तुमचं बोलून झालं होतं. तुमचं ऐकूनही झालं होतं. एवढं किती जणांचं होतं?

आता शेवटचं. आज संध्याकाळी मुलांचा फोन आला. मी बाकावर होते. तुमची लेक, सुजाता, थोडी रडली, मग नीलने नवा दात दाखवला. पाणी फिरत होतं. आणि ईरा म्हणाली, "आजी, तुझा खंड्या."

मला नाही आला.

मी समोर बघितलं. निळी रेघ पाण्यावरून गेली, फांदीवर बसली. चोच उघडलेलीही दिसली. एक क्षण वाटलं, अगदी तुम्ही म्हणायचात तसं, तो गेला तवा सगला गेला. मग हसू आलं. तो कुठेही गेला नव्हता. माझ्यासमोर बसून ओरडत होता.

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गुरुवारची वेळ घेतली आहे. जाताना नरेश सोडतो म्हणाला, नको म्हटलं तरी. गाडीत डंपरचं विचारीन. आणि काचेच्या खोलीत डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून कितीही गोड हसल्या, तरी बटण मी आवाज आला तरच दाबणार आहे.